योंडर म्हणजे पल्याड

माझ्या आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण इंग्रजी शिकवायची नोकरी मला तिच्यामुळंच लागली. हे वर्गात सांगितलं की पोरं हसतात. हसू देत.

कर्नाटकातल्या निंबर्ग्यात आमच्या दाराशी भोपळ्याचा वेल होता. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो सडतो, असं आई मानायची. लहानपणी एकदा मी वेलासमोर बोट नाचवलं, तर पाठीत असा धपाटा बसला! "बोट मुडपून दाखव की गं! सडत्यात ना समदे." तेव्हापासून आमच्या घरात काहीच ताठ बोटानं दाखवलं जायचं नाही. बोट मुडपायचं, नाहीतर हनुवटी उचलायची. ओढ्याच्या त्या बाजूची म्हैस दाखवताना आई हनुवटी वर करून म्हणायची, "ती बघ, पल्याड." जे डोळ्यांना दिसत नाही त्याला ती पल्याड म्हणत नसे. पुण्याला गेलेला माझा भाऊ 'तिकडं' होता. म्हैस पल्याड होती.

मला या सगळ्याची लाज वाटायची. कॉलेजात गेल्यावर मी मुद्दाम ताठ बोट दाखवायला शिकले. काय तो तोरा!

बी.ए. होऊन घरी बसले. एसटीडी बूथवर भावाचा फोन आला, "कंपनीत पॅकिंगचं काम बघितलंय. सोमवारी गाडीत बस." वडील नव्हते. मी गेले की आई एकटी. तिनं कडक भाकरी केल्या, शेंगाची चटणी कुटली आणि माझी पिशवी भरून दारामागं ठेवली. तेवढ्यात मी अर्ज टाकलेल्या आळंदच्या एका मराठी शाळेचा निरोप आला, शुक्रवारी एक तास शिकवून दाखवा, मग बघू.

शुक्रवारच्या तासाला इंग्रजी कवितेत नेमका 'योंडर' शब्द आला. गाइडात अर्थ होता 'तेथे'. मी तो सांगून पुढं सरकले, तर पहिल्या बाकावरची पोरगी उठली. "मिस, मग 'देअर' कामून लिहिलं न्हाई?"

मागं बसलेल्या मुख्याध्यापिकांनी मान वर केली. दारामागची पिशवी डोळ्यांपुढं आली. मी खिडकीबाहेर बघितलं. शाळेमागच्या ओढ्याच्या त्या काठाला एक म्हातारी शेळ्या राखत होती. माझी हनुवटी आपोआप वर गेली, बोट मुडपलं.

"ती म्हातारी दिसायलीय का? पल्याड? ते योंडर. 'देअर' म्हणजे पुणंबी असंल, दिल्लीबी असंल. योंडर म्हणायचं तर ते लांब पाहिजे, पण दिसलं पाहिजे. आता इंग्रज साहेबसुद्धा हा शब्द बोलत न्हाई, कवितेत तेवढा उरलाय. आपलं पल्याड मात्र रोज चालतंय."

पोरं खिडकीशी धावली. सगळ्यांच्या हनुवट्या वर! मग माझ्या ध्यानात आलं, की मी घरच्या बोलीत बोलले होते, तेही बोट मुडपून. संपलं, म्हटलं.

तास सुटल्यावर बाईंनी विचारलं, "बोट का मुडपलंत?" खोटं सुचेना. भोपळा सडतो म्हणून, असं सांगून टाकलं. बाई घरी कन्नड बोलणाऱ्या, आईला अव्वा म्हणणाऱ्या. त्या खळखळून हसल्या. "आमची अव्वा पण हेच सांगायची. काकडीला मी अजून बोट दाखवत नाही. सोमवारपासून या."

गावात एसटीतून उतरले तर आई ओढ्याच्या त्या बाजूला खुरपत होती. मी धावतच गेले आणि सगळं सांगितलं. "आई, तुझ्यामुळं झालं गं हे."

"मी काय केलं? भोपळं राखलं," ती म्हणाली. मग खुरपं खाली ठेवलं. "म्हंजे तू जायची न्हाईस?"

"न्हाई."

"खरंच न्हाई?"

ती बांधावर बसली आणि पदर तोंडाशी धरून हमसून हमसून रडली. एवढे दिवस तिनं हे कुठं दाबून ठेवलं होतं, कुणास ठाऊक. घरी आल्यावर तिनं दारामागची पिशवी सोडली, आणि पुण्याच्या वाटेसाठी केलेल्या भाकरी आम्ही दोघींनी वेलापाशी बसून खाल्ल्या.