थेल्माने वसूल केलेला दंड

थेल्मा ऑर्टन एकतीस वर्षं आमच्या हिंकली गावातल्या मोज्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. लाकडी पायावर मोजा चढवायचा, गर्रकन फिरवायचा, टाचेची शिवण बघायची आणि ओढून काढायचा. सुटलेला टाका इतरांना शोधावा लागे, तिच्या डोळ्यांत तो टोचायचाच. नापास मोजे कामगारांना जवळजवळ फुकटात मिळत. त्यामुळे रेगच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या पायात, ती कामाला लागल्यापासून पास झालेला मोजा कधी गेला नाही. "नवरा पहिल्या प्रतीचा आहे, मोजे दुसऱ्या प्रतीचे चालतील," असं ती म्हणायची.

बाई गोड होती असं मात्र समजू नका. एका दूधवाल्याने कधीतरी रेगला 'बायकोचा बैल' म्हटलं होतं. ती त्याच्याशी बावीस वर्षं बोलली नाही. तो गेला तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढून फुलं पाठवली. थेल्माने एक पेनी दिली नाही. "मेला म्हणून शहाणा झाला का?" म्हणाली.

मी हेझेल. तेव्हा गावच्या सार्वजनिक वाचनालयात होते. पुढचं बरंचसं माझ्या समोरच घडलं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ती दोघं बाजाराला निघाली होती. गाडी थेल्मा चालवत होती. चर्चच्या वळणावर रेग म्हणाला, "थेल, मला काहीतरी होतंय गं." तिने बघितलं तर चेहरा मेणासारखा. डाव्या हाताला औषधाच्या दुकानाचं आवार होतं. तिने गाडी सरळ आत घातली आणि दुकानाच्या दाराशी, जिथे जमिनीवर पिवळे पट्टे मारलेत तिथेच थांबवली. रेगने दार उघडलं आणि तो बाहेर कोसळला. पडताना त्याचा एक बूट निघाला. दुकानातली औषधवाली मुलगी धावत आली, गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबू लागली. अकरा मिनिटांनी रुग्णवाहिका आली. थेल्मा त्याच्याबरोबर गेली. तीन दिवसांनी, रविवारी सकाळी, रेग गेला.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी टपाल आलं. सांत्वनाच्या कार्डांमध्ये एक लांबट पाकीट होतं. ब्रॅकनशॉ पार्किंग नावाच्या खासगी कंपनीची नोटीस. थांबण्यास मनाई असलेल्या जागी गाडी थांबवली, सबब शंभर पौंड भरा; चौदा दिवसांत भरलेत तर साठ. सोबत गाडीच्या नंबरपट्टीचा फोटो, वेळेसकट. अकरा वाजून चव्वेचाळीस मिनिटं.

ती नोटीस घेऊन वाचनालयात आली. काळा कोट अंगावर होता.

"हेझेल राजा, यांना एक पत्र लिहायचंय. त्यांना माहीत नसणार. कळलं की माफी मागतील."

मला हे मुद्दाम सांगायचंय, कारण पुढे लोक म्हणाले की बाई पहिल्यापासून भांडायलाच बसली होती. नव्हती. ते पहिलं पत्र मी टंकलं. इतकं सभ्य होतं की वाचून मला रडू आलं. रुग्णालयाचा कागद जोडला, मृत्यूचा दाखला जोडला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या अडचणीबद्दल खेद आहे. तथापि आवारात फलक ठळकपणे लावलेले असून प्रवाशाची प्रकृती हे अपील मान्य करण्याचं कारण होऊ शकत नाही. अपील नामंजूर. खाली सही नव्हती, नुसतं 'अपील विभाग' एवढंच.

थेल्माने ते माझ्या टेबलापाशी उभ्याने वाचलं. मग खुर्ची ओढून बसून परत वाचलं.

"प्रवासी," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं माझ्या पलंगावर झोपला तो माणूस. प्रवासी."

वरच्या एका स्वतंत्र मंडळाकडे दाद मागता येते, ती मागितली. त्यांनीही कळवलं, सहानुभूती आहे, पण आम्ही नियमच बघतो. मग वसुलीवाल्यांची लाल अक्षरांची पत्रं सुरू झाली. शंभराचे एकशे सत्तर झाले. मी म्हटलं, "थेल्मा, भरून टाक गं. हवं तर मी देते. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

"घोर?" ती म्हणाली. "रेग गेल्यापासून सकाळी उठायला मला हे एकच कारण आहे. कोर्टात खेचू दे त्यांना. तिथे विभाग येत नाही, माणूस येतो. मला तो माणूस बघायचाय."

कोर्टाचे कागद उन्हाळ्यात आले. कंपनीने आपला पुरावा म्हणून एक जाड गठ्ठा पाठवला होता. त्यात मालकाचं स्वतःच्या सहीचं निवेदन होतं. नायजेल हॅलम. शेवटी एकदाचं नाव कळलं. त्याने लिहिलं होतं: वाहन रिकामं होतं, चालक खरेदीसाठी गेलेला होता, सदर मजकूर खरा आहे. निवेदनामागे तोच फोटो जोडलेला होता. पण नोटिशीत नंबरपट्टीपुरता कापलेला, आणि इथे पूर्ण. आवारापलीकडे उभ्या केलेल्या गाडीतून कर्मचाऱ्याने काढलेला.

थेल्माने चष्मा वर केला आणि कागद नाकाशी नेला. मी परत आलेली पुस्तकं लावत होते. बराच वेळ तिची काही हालचाल नाही, म्हणून मी जवळ गेले.

"काय गं?"

तिने बोट ठेवलं. गाडीच्या खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या फटीतून पलीकडची जमीन दिसत होती. तिथे काहीतरी राखाडी होतं. मला ती पिशवी वाटली.

"पाय आहे," थेल्मा म्हणाली. "टाचेची शिवण तिरकी गेली आहे बघ. हा जोड मीच नापास केला होता."

मग मलाही दिसलं. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. रेग पलीकडे जमिनीवर पडलेला होता, थेल्मा त्याच्यावर वाकली होती, आणि त्याच क्षणी यांनी फोटो काढला होता. त्याच फोटोच्या जोरावर लिहिलं होतं, गाडी रिकामी.

मला वाटलं आता ही कोसळणार. तिने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "हा मोठा करून मिळतो का? टेबलाएवढा?"

लेस्टरच्या कोर्टात मी तिच्याबरोबर गेले. कोर्ट म्हणजे एक बसकी खोली, लांब टेबल, पाण्याचा जग. न्यायाधीश बाई होत्या, सर्दी झालेल्या. हॅलम स्वतः आला होता, कारण निवेदनावर सही करणाऱ्याने हजर राहावं असा अर्ज थेल्माने दोनदा केला होता आणि तो मंजूर झाला होता. पन्नाशीचा, लालसर गालांचा, चांगला सूट घातलेला माणूस. दारात त्याने थेल्मासाठी दार धरून ठेवलं. तिने ते सोडून दुसऱ्या दाराने प्रवेश केला.

त्याने आपलं म्हणणं पाठ केल्यासारखं मांडलं. फलक, पट्टे, नियम. न्यायाधीश बाईंनी थेल्माला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय?

"एकच," थेल्मा म्हणाली. "माझी गाडी रिकामी होती असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही फोटो बघितला होतात ना?"

"अर्थातच."

तिने गुंडाळी सोडली आणि तो मोठा केलेला फोटो टेबलावर पसरला. कोपऱ्यावर पाण्याचा जग ठेवला.

"मग गाडीच्या खाली काय दिसतंय ते या बाईंना सांगा."

हॅलम वाकला. "पिशवी असेल. कचरा असेल काहीतरी."

थेल्माने पर्समधून एक राखाडी मोजा काढला आणि फोटोवर, त्या जागेशेजारी ठेवला. तिरकी शिवण वर करून. "रुग्णालयाने परत दिलेला आहे. कचरा नाही, माझा नवरा आहे तो. आता पुन्हा सांगा. मोठ्याने सांगा, म्हणजे लिहून घेतील."

हॅलमचे गाल आधी पांढरे पडले, मग भाजल्यासारखे लाल झाले. "दिवसाला दोनशे फोटो येतात मॅडम," तो न्यायाधीश बाईंना म्हणाला. "प्रत्येक फोटो बघणं शक्य नाही."

"पण तुम्ही बघितला असं आत्ताच म्हणालात," बाई म्हणाल्या. "आणि त्याखाली सही केलीत."

जीव वाचवायला थांबलेल्या माणसाने पार्किंगचा कोणताही करार केलेला नसतो, असा निकाल झाला. दावा फेटाळला. सत्य म्हणून सही केलेला मजकूर खोटा होता, हे बाईंनी स्पष्ट शब्दांत नोंदवलं. थेल्माचा प्रवासखर्च हॅलमने द्यायचा. तो बाहेर आम्हाला गाठून म्हणाला, "ऑर्टनबाई, मला खरंच माहीत नव्हतं. झालं ते झालं. मिटवून टाकू."

"तुमचं मिटलं असेल," थेल्मा म्हणाली. "माझं आत्ता सुरू होतंय."

त्या हिवाळ्यात ती रोज दहाला वाचनालयात यायची, कारखान्याच्या भोंग्यावर आल्यासारखी. पैसे भरून निकालाची प्रत मिळवली. एक प्रत आवाराच्या मालकाला. एक स्थानिक वर्तमानपत्राला, मोठ्या फोटोसह. आणि एक, सगळ्यात महत्त्वाची, पार्किंग कंपन्यांच्या संघटनेला. कारण गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं गाडीवाल्याचा पत्ता फक्त संघटनेच्या सभासद कंपनीलाच देतं. पत्ता नाही तर नोटीस नाही, नोटीस नाही तर धंदा नाही. हे तिने एका सरकारी पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर वाचलं तेव्हा ती हसली. रेग गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि खरं सांगते, मला ते हसू बरं वाटलं नाही.

वर्तमानपत्र वाचून आणखी लोक आले. दुकानात शिरताना पडून खुबा मोडलेली बाई, प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या सुनेला घेऊन थांबलेला सासरा. थेल्माने सगळ्यांचे फोटो तपासले. सव्वीस प्रकरणं जोडून संघटनेला पाठवली. फेब्रुवारीत पत्र आलं: चौकशी पूर्ण होईपर्यंत ब्रॅकनशॉचं सभासदत्व स्थगित.

मार्चमध्ये हॅलम तिच्या घरी आला. मी तिथेच होते, कागद द्यायला गेले होते. दाराशी उभा, हातात पिवळ्या फुलांची जुडी. बारीक झाला होता.

"माझ्याकडे बारा माणसं आहेत कामाला," तो म्हणाला. "बायकोची तब्येत बिघडली आहे. तुम्ही नुसतं लिहून द्या की तुमची आता तक्रार नाही. तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे."

मला वाटलं ती दार तोंडावर आपटेल. ती म्हणाली, "आत या. बसा."

तिने चहा केला. केक कापून पुढे ठेवला. मग रेगचे फोटो बाहेर काढले. एक वही नव्हे, सात वह्या. हा लग्नातला. हा स्केगनेसच्या किनाऱ्यावरचा, वाऱ्याने टोपी उडाली तेव्हाचा. हा आमचं मूल गेलं त्या वर्षीचा, बघा कसा दिसतो. तिने त्याला मागच्या अंगणात नेऊन रेगने लावलेला लीकच्या कांद्याचा वाफा दाखवला, एकट्या बाईला एवढं खाववत नाही म्हणून सडलेला. कपाट उघडून कोट दाखवले. पलंगाची कुठली बाजू त्याची, तेही दाखवलं. हॅलमने दोनदा उठायचा प्रयत्न केला. "बसा," ती शांतपणे म्हणायची, "अजून आहे." दोन तास चाललं. शेवटी शेवटी तो माणूस रडत होता. मला तिथे थांबवेना, पण उठताही येईना.

सातवी वही मिटवून तिने कपबश्या गोळा केल्या.

"आता कळलं तो कोण होता?"

"हो," हॅलम म्हणाला. "हो, ऑर्टनबाई. कळलं."

"छान. एवढंच हवं होतं मला. आता जा."

"म्हणजे तुम्ही लिहून..."

"नाही. काही लिहून देणार नाही. ती फुलं पण घेऊन जा."

मे महिन्यात कंपनीचं सभासदत्व कायमचं गेलं, जूनमध्ये कार्यालयाला टाळं लागलं. त्या बारा माणसांत माझ्या नणंदेचा जावई होता. पत्रं फोडायचं काम करायचा बिचारा, घरी दोन लहान मुलं. नणंद अजून माझ्याशी धड बोलत नाही. हे मी थेल्माला सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"त्याने माझं पत्र फोडलं होतं का?" तिने विचारलं.

"काय माहीत. फोडलं असेलही."

"मग मृत्यूचा दाखला त्याच्या हातात आला असणार," म्हणाली. "तरी सांग त्याला, बेकरीत माणूस हवाय. मालकीण माझ्या ओळखीची आहे. मी शब्द टाकते." तिने टाकला, आणि त्याला नोकरी मिळाली. माणसाचं मन असं असतं, त्याला मी काय करू?

"आणि हॅलमचं? त्याचं वाईट नाही वाटत?" मी एकदा विचारलंच.

"नाही," ती म्हणाली. "वाट बघितली मी. म्हटलं, वाटेल कधीतरी. नाही वाटत. उलट रात्री छान झोप लागते."

आता दर मंगळवारी वाचनालयात खिडकीजवळचं टेबल तिचं असतं. नोटीस आलेले लोक रांगेत बसतात. थेल्मा कागदाला हात लावायच्या आधी विचारते, "किती राग आलाय?" परवा एक गृहस्थ ओशाळून म्हणाले, तसा काही राग नाही, साठ पौंडांचंच तर काम आहे.

"मग भरून टाक राजा, आणि घरी जा," ती म्हणाली, आणि त्यांच्या मागे बसलेल्या, ओठ घट्ट मिटलेल्या बाईला तिने हाताने बोलावलं. "तू ये गं. बस. काय केलंय मेल्यांनी?"