आजाराच्या रकान्यात ‘नाही’

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती, तेव्हा कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. मुंबईकडच्या एका मोठ्या थीम पार्कला उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिन्यांसाठी मेकॅनिकलची मुलं हवी होती. राहायची सोय, दोन वेळचं जेवण आणि वर स्टायपेंड. ‘इंटर्नशिप’ हा शब्द मी तिथं पहिल्यांदा वाचला. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि सुट्टीतलं काम म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहणं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

तो कागद मला माझ्या मित्रानं दाखवला. तो रोज पेठ वडगावहून एस.टी.नं यायचा. घरी शेती, चार म्हशी. पण त्याचं लक्ष सगळं यंत्रात. चालू मोटारीजवळ नुसता उभा राहून तो कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. मला मार्क त्याच्यापेक्षा जास्त पडत, पण हातात पान्हा घेतला की मी त्याच्या जवळपासही नव्हतो, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याच्याबद्दल वर्गात कुणालाच माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. पहिल्या वर्षाला असताना मी त्याच्या घरी निघालो होतो, आणि एस.टी.त त्याला फिट आली. कुणी त्याच्या नाकाला चप्पल लावा म्हणालं, कुणी पिशवीतून कांदा काढला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल, तर “किती जणांनी बघितलं?” मग म्हणाला, “कुणाला सांगू नगोस. ताईचं जमवालेत घरात.”

घरात फिटचा आजार आहे असं कळलं असतं तर तिचं लग्न अडलं असतं. मी शब्द दिला. त्यानंतर त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दीड वर्ष काहीही झालं नाही.

फॉर्म आम्ही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून भरले. ‘तुम्हाला इथे काम का करायचे आहे’ या प्रश्नाला मी घरून पाठ करून आणलेली इंग्रजी वाक्यं उतरवली. त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि खाली जत्रेतल्या पाळण्याचा गिअर काढून दाखवला. मग तो एका रकान्यापाशी थांबला. आजार, चक्कर, फिट्स. आहे की नाही.

“हितं काय लिव्हू?” त्यानं हळू आवाजात विचारलं.

“दीड वर्षात काय झालंय का तुला?”

“न्हाय. पर गोळ्या चालू हायत की.”

“मग न्हाय लिही की, लेका. उगंच कशाला?”

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ‘नाही’वर खूण केली.

मुलाखती स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाल्या. तो माझ्या आधी आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. “झ्याक झालं, मर्दा. ब्रेकबद्दल इचारलं. मी कागदावर काढूनच दाखवलं.” मला म्हणाला, “तू ये जाऊन, मी च्या सांगून ठेवतो.”

आत दोघं साहेब होते. एक जण फाइल चाळत होता, दुसरा, वयानं मोठा, प्रश्न विचारत होता. माझी उत्तरं बरी गेली, पण नुसती बरी. शेवटी ते मोठे साहेब म्हणाले, “तुमच्या कॉलेजातून आम्ही एकच मुलगा घेणार आहोत. आता बाहेर गेला तो तुझा मित्र ना? तू माझ्या जागी असतास तर कुणाला घेतलं असतंस?”

“त्यालाच, सर,” मी म्हणालो. “त्याचा हात फार चांगला आहे.” आणि लगेच पुढं म्हणालो, “फक्त त्याला जरा जपावं लागेल.”

“जपावं लागेल म्हणजे?”

तिथं मला थांबता आलं असतं. तो लांबून येतो, दमतो, असं काहीही सांगता आलं असतं.

“मध्ये एकदा फिट आली होती त्याला. आता गोळ्या चालू आहेत, सर.”

साहेबांनी त्याचा फॉर्म काढला, त्या रकान्यावर पेन टेकवलं आणि शेजारच्या साहेबांना दाखवलं. मला म्हणाले, “सांगितलंस ते बरं झालं. पाळण्यावर लहान मुलं बसतात.”

बाहेर येईपर्यंत मी स्वतःला पटवलंही होतं, की मी कुणाच्या तरी जिवाचा विचार केला. खरं सांगायचं तर मला ती जागा हवी होती.

पंधरा दिवसांनी माझं निवडीचं पत्र आलं. त्याला काय कळवलं, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. मी निघालो त्या दिवशी तो वडगावहून मुद्दाम स्टँडवर आला. त्याच्या आईनं दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातात देत म्हणाला, “तिकडचं जेवाण ग्वाड असतंय म्हणत्यात. पुरवून खा.”

पार्कमध्ये पहिल्याच दिवशी आमची डॉक्टरांकडं तपासणी झाली. डॉक्टरांनी फॉर्ममधले सगळे प्रश्न एकेकाला पुन्हा विचारले. माझ्यापुढं नाशिकचा एक मुलगा होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि फॉर्मवर त्यानंही ‘नाही’ लिहिलं होतं. डॉक्टरांसमोर त्यानं ते कबूल केलं. डॉक्टर थोडे रागावले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याला राइडवर न ठेवता स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरमध्ये पाठवलं. दोन महिने तो तिथं मजेत होता. मी मात्र त्याच्याकडं ग्रीसचा डबा मागायला जायचं टाळायचो. माझ्या मित्रालाही डॉक्टरांनी विचारलं असतं. त्याचं त्यानं सांगितलं असतं. मुलांच्या जिवाची काळजी घ्यायला तिथं माणसं नेमलेली होती, माझी गरज नव्हती.

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. त्या पार्कच्या सर्टिफिकेटचा त्यात वाटा होताच. त्यानं वडगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं आणि ते चांगलं चाललं. ताईचं लग्न झालं, मग त्याचं, मग माझं. कोल्हापूरला आलो की मी त्याच्याकडं जायचोच, आणि दर वेळी आज सांगू म्हणून जायचो. असं करता करता आठ-नऊ वर्षं गेली.

एका दुपारी तो दुकानात एकटाच मोटारीला तार भरत बसला होता. मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि बोलून टाकलं. “त्या इंटरव्ह्यूत सायबाला मी सांगितलं हुतं. तुझ्या फिटचं.”

त्याचा हात थांबला नाही. “ठाव हाय.”

“कवापासनं?”

“पत्र आलं तवापासनं. आजाराची माहिती लपवली, असं लिव्हलं हुतं त्यात. तुझ्याबिगर कुणाला ठाव हुतं?”

म्हणजे स्टँडवर भाकरी घेऊन आला तेव्हाही त्याला माहीत होतं.

“सांगितलंस त्याचं काय न्हाय,” तो म्हणाला. “पोरंबाळं बसत्यात त्यावर, एका परीनं बरोबरच हुतं. पर फॉर्म भरताना मी तुला इचारलं हुतं की. लिव्ह म्हणाला असतास तर लिव्हलं असतं. घेतलं नसतं तर नसतं. तू मला न्हाय लिवायला लावलंस आणि आत जाऊन खोटा पाडलास.”

“चुकलो,” मी म्हणालो.

“व्हय. चुकलास.”

तेवढ्यात कुणीतरी गाडीवरून जळका पंप घेऊन आलं आणि तो उठला. गिऱ्हाइकाशी नेहमीसारखाच मोठ्यानं बोलला, भाव केला, हसला. नंतर मला जेवायला घरी घेऊन गेला. मी नको म्हणत होतो, पण त्यानं ऐकलं नाही. ताटात वाढताना त्यानं माझ्या मुलाची चौकशी केली, नोकरीचं विचारलं. त्या विषयावर तो परत बोलला नाही, आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. मीही ‘माफ कर’ म्हणालो नाही.

अजून मी वडगावला जातो. फरक एवढाच, की आता आधी फोन करून ‘येऊ का’ म्हणून विचारतो. तो ‘ये की’ म्हणतो. पूर्वी मी न विचारता जात असे.