पाणी देऊ नये

धम्मपालला कंपनीत सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. आता हा डॉक्टर शिकलेला किती, तर आयटीआय फिटर आणि वर दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. पण त्या दोन दिवसांचा त्याला कोण अभिमान! अंबडच्या त्या कारखान्यात अडीचशे माणसं, त्यातल्या सहा जणांना कंपनीनं लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं होतं. बाकी पाच जणांची कार्डं कपाटात नाहीतर कचऱ्यात गेली. याचं मात्र चार वर्षं शर्टाच्या डाव्या खिशात. कुणाच्या डोळ्यात कचरा जावो, कुणाचं बोट चेमटो, हा पठ्ठ्या कार्ड काढून हजर. लोक हसायचे, तोही हसायचा, पण कार्ड काही सोडायचा नाही.

कार्डावर नऊ सूचना होत्या. त्यातली सातवी लाल अक्षरात: बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. त्याच सूचनेनं त्याचा घात केला.

मे महिन्यातला मंगळवार होता. त्याची मोटरसायकल गॅरेजला पडलेली, म्हणून दुसऱ्या पाळीला जायला तो पपया नर्सरीच्या स्टॉपवर उभा राहिला. दुपारचे दोन, ऊन नुसतं भाजून काढत होतं. खांद्याला बायकोनं, पायलनं, भरून दिलेली पाण्याची बाटली, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. शेजारी बाकावर एक म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. “त्र्यंबकची गाडी गेली का हो?” त्यानं विचारलं. “नाही अजून, बाबा. येईल,” धम्मपाल म्हणाला. एवढीच काय ती दोघांची ओळख.

मग म्हातारा उठला, दोन पावलं चालला आणि खाली बसला. बसला कसला, कोसळलाच. पिशवी एकीकडे, टोपी एकीकडे. धम्मपाल धावला. त्यानं डोकं मांडीवर घेतलं, गळ्याची बटणं सोडली, खिशातून फोन काढून १०८ लावला. सगळं कसं शिकवल्याप्रमाणं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घामाचे थेंब, ओठ काळेनिळे पडत चाललेले. त्यानं डोळे उघडले, धम्मपालच्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि म्हणाला, “पानी.”

बाजूला भाजी विकणारी अंबूबाई तांब्या घेऊन पळत आली. तिनं तांब्या ओठाला लावायला वाकवला आणि धम्मपालनं तिचा हात धरला. “नाही! पाणी द्यायचं नसतं!” ओढाताणीत तांब्या कलंडला आणि पाणी तापलेल्या डांबरावर सांडलं. “अरे मेल्या,” अंबूबाई ओरडली, “मरत्या जिवाला पानी देऊ देत नाय? कुठं फेडशील रे हे?”

म्हातारा सांडलेल्या पाण्याकडं बघत होता. बघता बघताच त्याचे डोळे थांबले. पुढं धम्मपालनं छाती दाबली, तीस-तीस मोजले, अंगाचं पाणी पाणी केलं. १०८ ची गाडी वेळेत आली, पण म्हातारा तिच्या आधी गेला होता. म्हाताऱ्याच्या फोनवरून त्याच्या मुलाला कळवलं तेही धम्मपालनंच. दवाखान्यात हवालदारानं त्याचं नाव, पत्ता, नंबर लिहून घेतला. “लागलं तर बोलावू,” तो म्हणाला. धम्मपाल घरी आला, मोरीत गेला आणि भडाभडा ओकला.

पहिले दोन दिवस त्याला वाटत होतं, मेलेला माणूस पाहिला म्हणून असं होतंय. कंपनीच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “बरोबर केलंस. पाणी श्वासनलिकेत गेलं असतं.” हा मान डोलावून आला. पण एक गोष्ट त्यानं डॉक्टरांना सांगितलीच नव्हती. म्हातारा बोलला होता, हे तो गाळून गेला होता.

तिसऱ्या दिवशी भाकरी मोडताना ते त्याच्या डोक्यात लख्खकन आलं. कार्डावर काय लिहिलंय? बेशुद्ध. आणि बेशुद्ध माणूस पाणी मागतो का? बाही धरतो का? त्याचा हात ताटातच राहिला. अहो, साधी गोष्ट! शाळेतल्या पोरालाही कळेल. चार वर्षं खिशात बाळगलेली ओळ, आणि ऐन वेळेला त्यानं ती अर्धीच वाचली होती.

त्या घटकेपासून भीतीनं त्याची मानगूट धरली. पाणी प्यायला गेला की घोट गळ्याशी अडायचा. ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. पायल पाठीवर थापट्या मारायची. “असं काय करताय लहान लेकरासारखं?” ती वैतागून म्हणायची, आणि मोरीत जाऊन डोळे पुसायची. तो चमच्यानं पाणी प्यायला लागला. ती ओल्या फडक्याची बाटली त्यानं फळीवर मागं सरकवून ठेवली. मोटरसायकल गॅरेजातून आली तरी तो पपया नर्सरीकडून जाईना, लांबचा वळसा घालून जायचा. कंपनीत कुणी “ए डॉक्टर!” म्हटलं की दचकायचा. आणि मनगटावर बोटं ठेवून दिवसातून वीस वेळा स्वतःचीच नाडी बघायचा.

त्यात फोन सुरू झाले. अनोळखी नंबर, दिवसातून तीनदा, चारदा. धम्मपालनं एकही उचलला नाही. त्याची खात्रीच झाली होती. त्या अंबूबाईनं सांगितलं असणार, निळ्या शर्टवाल्यानं पाणी देऊ दिलं नाही. म्हाताऱ्याचा मुलगा, पुतणे, भाऊबंद, सगळं गाव शोधत असणार. कुठल्या दिवशी कंपनीच्या गेटवर गाठतील सांगता येत नाही. आईनं, सुलाबाईनं, एकदा विचारलं, “कोणाचा फोन रे सारखा?” “लोनवाल्यांचा,” तो म्हणाला. आईला त्यानं अशी थाप याआधी कधी मारली नव्हती.

दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी तो अंघोळीला गेलेला असताना फोन वाजला आणि पायलनं उचलला. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला तर ती पांढरीफटक.

“त्या बाबांच्या घरचे आहेत. बाई बोलत होती. रामकुंडावर बोलावलंय, आत्ताच्या आत्ता.”

“कशाला?”

“दहावा आहे त्यांचा. कावळा शिवत नाहीये म्हणे. शेवटी तुम्ही जवळ होतात, म्हणून विचारायचंय.”

सुलाबाई भाजी निवडत होती, ती ताडकन उठली. “काही जायचं नाही! आपल्याला काय करायचंय पिंडाचं न् कावळ्याचं? बाबासाहेबांनी कशातून बाहेर काढलं आपल्याला? आणि दहा-पंधरा माणसं असतील तिथं. एकाचं डोकं फिरलं तर?”

खरं होतं म्हातारीचं. या घरात कुणाच्या मरणाला पिंड केला नव्हता. धम्मपालचा बाप गेला तेव्हा बुद्धवंदना झाली, दान झालं, संपलं. कावळ्याबिवळ्यावर त्याचा कधी विश्वास नव्हता. पण म्हातारा आपल्याकडं काही मागत गेला, हे त्याला ठाऊक होतं. ते कळायला त्याला कावळा लागत नव्हता.

“जाऊन येतो,” तो म्हणाला. फळीवरची बाटली पायलनं काढली, धुतली, भरली आणि त्याच्या खांद्याला अडकवली.

नदीवर ही गर्दी. रामकुंडाच्या पायऱ्यांवर मुंडण केलेली डोकी, गुरुजींची घाई, ओल्या कपड्यांचा वास. फोन लावला तेव्हा वरच्या पायरीवरून एकानं हात केला. डोकं भादरलेला, चाळिशीचा, आडव्या हाडाचा माणूस. “मी रावजी. महिरावणीच्या पुढं गाव आमचं. दादा माझे वडील, खंडेराव.” त्याच्यामागं आठ-दहा पुरुष उभे होते. त्यांच्या पुढ्यात पत्रावळीवर भाताचे पिंड आणि भिंतीवर ओळीनं कावळे. इतके कावळे, पण एकही खाली उतरत नव्हता.

पळून जावं, पायऱ्या उतरून गर्दीत मिसळावं, असं धम्मपालला फार वाटलं.

“बस रं लेकरा.” भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, कपाळ मोकळं. ही बायडाबाई, खंडेरावांची बायको. “नाव काय तुझं?”

त्यानं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनावाला मागच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बायडाबाईनं नाही बघितलं.

“दोन तास झाले,” ती म्हणाली. “समदी नावं घेऊन झाली. नातीचं लगीन करू म्हनलं, बैलाला नीट बघू म्हनलं, नाय शिवत. म्हनून तुला बोलावलं. फोन का नाय उचललास रं? शेवटाला काय म्हनला तो?”

आता सांगा, खोटं बोलायला यापेक्षा सोपी वेळ कुठली? काही बोलले नाहीत, शांत गेले, एवढं म्हटलं की सुटला. कुणी खातरजमा करायला जाणार नव्हतं. वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं. त्यानं बायडाबाईकडं बघितलं आणि ते तिथंच विरघळलं.

“पाणी म्हणाले,” धम्मपाल म्हणाला. “एक बाई देत होत्या. मी देऊ दिलं नाही. त्यांच्या हातातलं सांडलं माझ्यामुळं.”

मग रावजीनं त्याची कॉलर धरली. “काय बोलतोस? पाणी नाय दिलं? माझा बाप तहानेला गेला?”

“रावजी, हात काढ,” बायडाबाई म्हणाली. “हात काढ म्हनते ना! का रं बाबा? का नाय दिलं?”

धम्मपालनं खिशातलं कार्ड काढलं. रावजीनं ते हिसकावून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. “बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.” तो थांबला. पुन्हा वाचलं. “पण दादा तर बोलले ना? मग बेशुद्ध कुठं होते?”

आठवडाभर ज्या वाक्याला तो भीत होता, ते शेवटी दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडलं. तो पायरीवर बसला आणि हमसून रडायला लागला. भर गर्दीत, बाप्यामाणूस, रडला.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “भ्यालो मी. त्यांचे ओठ बघून भ्यालो. काही सुचलं नाही, म्हणून पाठ केलेलं धरून बसलो. पाण्यानं ते वाचले असते की नाही, मला माहीत नाही, मावशी. पण मागितलं होतं त्यांनी.”

बायडाबाई पदर तोंडाला लावून बसली. मग तिनं विचारलं, “डोकं कुठं होतं त्याचं? रस्त्यावर?”

“माझ्या मांडीवर.”

“आन् हात?”

“माझी बाही धरली होती. सोडवून घ्यावी लागली नंतर.”

तिनं मान हलवली. दहा दिवस तिला वाटत होतं, तो रस्त्यावर पडल्या पडल्या, कुणी जवळ न घेताच गेला. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ते आता सांगितलं.

मग तिनं त्याच्या खांद्याकडं बोट केलं. “त्या बाटलीत पानी हाय?”

“आहे.”

“दे मंग.”

धम्मपालनं पिंडाकडं बघितलं, भिंतीवरच्या कावळ्यांकडं बघितलं. “मावशी, आम्ही हे करत नाही. आमच्यात पिंड नसतो.”

“नको करू. पिंडाला हात नको लावू.” बायडाबाईचा आवाज चढला. “तहानेल्याला पानी द्यायला कोनची जात, कोनचा धरम लागतो रं? मागितलं होतं त्यानं तुझ्यापाशी. तू दे.”

मागच्यातल्या कुणीतरी घसा खाकरला. रावजीनं वळून नुसतं बघितलं, तसा तो घसा गप्प झाला. धम्मपालनं बाटलीचं झाकण काढलं. पण त्याला ती वाकवेना, तेव्हा रावजीनंच खालून त्याचं मनगट धरलं. पिंडाच्या बाजूच्या कोरड्या दगडावर पाण्याची धार पडली. धम्मपालनं ना मंत्र म्हटला ना हात जोडले. “घ्या, बाबा,” एवढंच तो म्हणाला.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. “आता दर्भाचा कावळा करून घेऊ,” ते म्हणाले. रावजी दर्भ उचलायला वाकला.

“थांब,” बायडाबाई म्हणाली. तिनं बाटलीकडं बघितलं. अर्धी उरली होती. “तुझे ओठ का रं असे फुटलेत पोरा? पानी पीत नाय का तू?”

धम्मपालनं झाकण लावायला घेतलं.

“पी,” ती म्हणाली. “माझ्यासमोर पी.”

त्यानं बाटली तोंडाला लावली. पहिला घोट गळ्याशी आला आणि अडला. त्याचे डोळे मोठे झाले, ठसका आता येणार, तोच म्हातारीचा खरबरीत तळवा त्याच्या पाठीवर आला.

“सावकाश,” बायडाबाई म्हणाली. “सावकाश पी. मी हाय.”

घोट खाली उतरला. मग दुसरा उतरला. म्हातारीनं हात काढला नाही. भिंतीवर कावळे तसेच बसले होते आणि त्यांच्याकडं आता कुणीच बघत नव्हतं. बाटली रिकामी होईपर्यंत सगळे जण धम्मपालला पाणी पिताना बघत उभे राहिले.