गॅलरीतलं बुजगावणं

बायको गेली आणि महिन्याभरात कबुतरांना बातमी कळली. ती असताना एकाची हिंमत नव्हती. गॅलरीत येऊन ती असं ओरडायची की कबुतरं सोडाच, खालचे रिक्षावालेसुद्धा हॉर्न थांबवायचे. मला तसं ओरडता येत नाही. मंडईत जन्मभर बटाटे विकले, पण ओरडायला गडी ठेवला होता.

म्हणून बुजगावणं केलं. लहानपणी गावाकडं करायचो, तेवढी एकच विद्या मला आली. शाळेतली आली नाही. विकत काही आणलं नाही. मोडक्या मॉपचा दांडा, छत्रीच्या काड्यांचे हात, बटाट्याचं पोतं, त्यात कोंबलेल्या दुधाच्या पिशव्या. गळक्या माठाचं डोकं, नारळाच्या शेंड्यांचे केस. डोळ्यांना बाटलीची बुचं लावली, तर माझ्याकडं टक लावून बघायला लागली, म्हणून वर हिचा चष्मा चढवला. अंगात हिचा गाऊन, खांद्यावर पंचा.

कबुतरं त्या पंच्यावर येऊन बसली.

घाबरली ती वरच्या मजल्यावरची बाई. तिचे ओले कपडे आमच्या गॅलरीत ठिबकायचे, त्यावरून दोघींचं कैक वर्षांचं भांडण. बुजगावणं उभं राहिलं तशी ती कपडे पिळून वाळत घालायला लागली. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, काकूंना सांगा, मी आता नीट पिळते. मी सांगतो म्हटलं, आणि घरी येऊन सांगितलंही.

गणपतीत सोसायटीची टाकाऊतून टिकाऊ स्पर्धा होती. सेक्रेटरीनं मला न विचारता माझं नाव घातलं. लिफ्टमध्ये बुजगावणं मावेना. मी आणि वरची बाई, दोघांनी आडवं धरून जिन्यानं खाली नेलं. पहिला नंबर आला. दुसरा पुठ्ठ्याच्या मेट्रोला.

मग सेक्रेटरी म्हणाला, पहिला नंबर वर्षभर खालच्या हॉलमध्ये ठेवतात, शोभेला.

"ती इथं राहायची नाही," मी म्हटलं. "पंखा नाही हॉलला."

"अहो काका, वस्तू आहे ती. सगळं टाकाऊच तर आहे."

"गाऊन टाकाऊ नाही. चष्मा टाकाऊ नाही. माठ पाहिजे तर सांगा, दुसरा फोडून देतो."

तो म्हणाला, मग नियमात बसत नाही. मी म्हटलं, नका बसवू. नंबर मेट्रोला गेला.

"डोकं मी धरते," वरची बाई म्हणाली. "तुम्ही आपटाल."

दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून थांबलो. हिलाही याच जिन्यानं खाली नेलं होतं. तेव्हाही लिफ्टमध्ये मावली नव्हती. तेव्हा कुणी वर आणू दिलं नसतं. यावेळी आणलं.

गॅलरीत उभी करतोय तोच एक कबुतर पंच्यावर बसलं. मी हात उचलायच्या आत वरची बाई ओरडली. इतकी वर्षं जे वर ऐकत होती, तेच शब्द, तोच सूर.

कबुतर उडालं. खाली रिक्षाचा हॉर्न थांबला.