स्कॉटलंडचा खाकी बाहुला

स्कॉटलंड हा स्काउटांचा देश आहे, असं मी एका नऊ वर्षांच्या मुलीला शिकवलं. नुसतं शिकवलं नाही, पाठ करून घेतलं. हसा, खुशाल हसा. मीसुद्धा आता हसते.

चौतीस-पस्तीसचा सुमार असेल. मी सोळा वर्षांची, नांदगावहून लग्न होऊन नाशकात आलेली. शिक्षण मराठी चौथी. पण लग्न जमवताना माझ्या मामानं 'मुलगी इंग्रजी दुसरी शिकलीय', म्हणजे चौथीच्याही पुढे दोन इयत्ता, असं ठोकून दिलं, आणि मी गप्प राहिले. पुढे तर मला ती दुसरी आवडायलाच लागली. सासूबाईंनी औषधाची बाटली पुढे केली की मी लेबलाकडे कपाळाला आठ्या घालून बघायचे आणि सांगायचे, "जेवणानंतर घ्यायचंय." औषधं बहुतेक जेवणानंतरचीच असतात. निभावलं.

माझी धाकटी नणंद मिशनच्या मुलींच्या शाळेत जायची. मी तिला वन्सं म्हणायचे, अहोजाहो करायचे. तशी रीतच होती. नाक पुसता येत नव्हतं धड, पण "अहो वन्सं, नाक पुसा." आणि ती मला अगंतुगं करणार. हुशार मात्र भारी. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, भांड्यांचं दुकान होतं. दुकानातले हिशेब ती जेवताजेवता तोंडी सोडवायची. तरी मामंजींचं मत पडलं होतं की चौथीपर्यंत पोचली, मुलीला पुष्कळ झालं. सासूबाईंनी फार गळ घातली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दिवाळीआधी शाळेचा मेळावा आहे ना? बघतो काय दिवे लावते ते. मग ठरवू."

मेळाव्यात प्रत्येक मुलीनं एकेका देशाचा बाहुला करून आणायचा आणि तिथल्या लोकांच्या चालीरीती सांगायच्या, असं ठरलं. वन्संच्या वाट्याला स्कॉटलंड आलं. शाळेच्या मडमबाई तिथल्याच.

"बाई म्हणाल्या, घरी मोठ्यांना विचारा. नाहीच जमलं तर त्या सांगतील," वन्सं म्हणाल्या. "विचारू का बाईंना?"

"बाईंना कशाला?" मी म्हटलं. "मी आहे ना."

आता आली का पंचाईत! स्कॉटलंड नांदगावच्या कुठल्या बाजूला हेही मला ठाऊक नव्हतं. आठवण्याचा आव आणत मी दोन दिवस भाज्या निवडल्या. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत मी मुलं पाहिली होती. खाकी अर्ध्या चड्ड्या, गळ्यात रुमाल, हातात काठी, शिट्टी फुंकून म्हाताऱ्यांना वाट करून देणारी. कोणीतरी म्हणालं होतं, हे स्काउट. स्कॉट आणि स्काउट! नांदगावकडचे लोक 'नाही'चं 'नाय' करतात, तसंच काहीतरी असणार. सगळं इतकं चपखल बसलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, मनमाडला रेल्वेत नोकरी. ह्यांच्या जुन्या डगल्यातून मी बाहुल्याची खाकी चड्डी बेतली, गळ्यात पिवळा रुमाल बांधला, हातात केरसुणीची काडी दिली. वन्संकडून घोकून घेतलं: स्कॉट लोक रोज एक परोपकार करतात, तीन बोटांनी सलाम करतात, आणि त्यांना नाना तऱ्हेच्या गाठी मारता येतात.

शनिवारी हे घरी आले. बाहुला उलटासुलटा करून बघितला आणि पोट धरून हसायला लागले.

"अगं, हे स्काउट झाले! स्कॉट वेगळे. आमच्या शेडमध्ये एक फोरमन आहे स्कॉटलंडचा. तिकडे पुरुष चौकडीचा परकर घालतात, गुडघ्याएवढा."

"पुरुष?"

"पुरुष. भिस्त्याच्या मशकेसारखी पिशवी काखेत दाबतात, तिला फुंकतात, मग ती रडते. आणि सकाळी घोड्याचं धान्य शिजवून मीठ घालून खातात."

ह्यांचा स्वभाव थट्टेखोर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मला सांगितलं होतं की मनमाडला इंजिनाला रोज अंघोळीआधी तेल लावतात, आणि मी ते सासूबाईंना जाऊन सांगितलं होतं. पुन्हा फसायला मी काय वेडी होते?

"मी दुसरी शिकलेय म्हटलं," मी ठसक्यात म्हणाले. "नांदगावची असले तरी एवढी गावंढळ नाही."

"बघ बाई," ते म्हणाले, आणि सोमवारच्या गाडीनं गेले.

मेळाव्याला शाळेचं अंगण भरलं होतं. पुढे खुर्च्यांवर पुरुष, त्यांत मामंजी. मागे सतरंजीवर आम्ही बायका. वन्संची पाळी आली, तशा मडमबाई उठून आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या की आता माझ्या देशाविषयी ऐकावयाचे आहे, त्यापूर्वी एक गंमत. देवळालीच्या छावणीतून एक पाहुणा बोलावला होता. तो आला. लालबुंद, धिप्पाड, मिशाळ. कमरेला चौकडीचा परकर, गुडघ्याएवढा. काखेत पिशवी. त्यानं ती दाबली आणि ती रडली.

तिच्याबरोबर मीही रडायचीच बाकी राहिले. वन्सं कोपऱ्यात खाकी बाहुला छातीशी धरून उभ्या. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, मग बाहुल्याकडे, मग गर्दीतून मला शोधलं. आमच्यामध्ये शेदीडशे बायका बसलेल्या आणि पुढे सासरे. उठू कशी? मी नुसती मान हलवत राहिले. नको, बोलू नका. वन्संना वाटलं, मी 'बोला' म्हणतेय.

"स्कॉटलंडातले पुरुष," वन्संनी खणखणीत सुरुवात केली, "खाकी अर्धी चड्डी घालतात."

परकरवाला शेजारीच उभा होता. अंगण फुटलं हसून. मडमबाईसुद्धा डोळे पुसत होत्या. वन्सं थांबल्या नाहीत. परोपकार, गाठी, तीन बोटांचा सलाम, सगळं शेवटपर्यंत म्हटलं. कान लाल झाले होते नुसते.

मडमबाईंनी जवळ घेऊन विचारलं, "मुली, हे तुला कोणी शिकविले?"

वन्संनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणी नाही. मीच मनानं केलं."

घरी मामंजी एवढंच म्हणाले, "मनचं रचून चारचौघांत सांगायचं, हे शिकवतात होय शाळेत? पुरे झालं आता."

मी कधी त्यांच्यासमोर बोलले नव्हते. त्या दिवशी दाराआडून बोलले. "मामंजी, त्यांची चूक नाही. मीच सांगितलं होतं सगळं."

मामंजी चक्क मायेनं म्हणाले, "नणंदेला पाठीशी घालता, सूनबाई, चांगलं आहे. पण इंग्रजी दुसरी शिकलेली मुलगी असलं सांगेल, हे कोणाला पटेल?"

दुसरी खोटी आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते म्हटलं तर मामा खोटा, माहेर खोटं, मी खोटी. मी पदर नीट केला आणि चुलीपाशी गेले. मडमबाईंनी नंतर वन्संना शाळेत ठेवा हे सांगायला एका शिक्षिकाबाईंना घरी पाठवलं होतं. मामंजींनी त्यांना चहा दिला, विचार करतो म्हणाले, आणि केला नाही.

दिवाळीची सुट्टी संपली. आळीतल्या मुली दप्तरं घेऊन दारावरून गेल्या. वन्संनी त्यांना वळणापर्यंत जाऊ दिलं, मग आत येऊन माझ्याशेजारी परातीपुढे बसल्या, बाह्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, मला भाकरी थापायला शिकव. ती तरी तुला खरी येते ना?"