अकरा मुलांचा दुपारचा तास

पहिलीच्या बाईंनी सव्वीस वर्षं पहिलीच घेतली. वरचे वर्ग मागून घेणारे शहाणे शाळेत पुष्कळ. या मात्र मुलांची नाकं पुसत, अक्षरं गिरवून घेत तिथेच राहिल्या. अकरा मुलं वाचनात मागे होती. शाळा सुटली की बाई त्यांचा तासभर वेगळा वर्ग घ्यायच्या. त्याला परवानगी शिक्षण कार्यालयाची, तीही मुलं वाचायला लागेपर्यंतच.

त्या वर्षी कार्यालयाने अध्यापक विद्यालयाशी करार केला. भाषणं झाली, फोटो निघाले. विद्यालयातल्या होऊ घातलेल्या शिक्षकांनी सहा आठवडे पहिलीतल्या मागे पडलेल्या मुलांना वाचन शिकवायचं. त्यांना सरावाचे गुण, कार्यालयाला आकडे. मुलांना काय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

बाईंकडे आलेली शिकाऊ मुलगी कामसू होती. पण विद्यालयाने तिच्या हातात गोष्टीचं एकच कार्ड दिलेलं. रोज तेच शिकवायचं, परीक्षाही त्याच्यावरच. कार्ड बदललं तर प्रगती मोजणार कशी, म्हणे! एवढी अक्कल पदव्या घेतल्याशिवाय येत नाही.

शेवटच्या दिवशी कार्यालयाचे साहेब आणि विद्यालयाचे प्राचार्य आले. अकराही जणांनी गोष्ट घडाघडा म्हटली. साहेबांनी खुशीत तास बंद करायचा कागद बाईंपुढे सरकवला.

बाईंनी पेन उचललं नाही. एका चिमुरडीच्या हातात त्यांनी कार्ड उलटं, वरची बाजू खाली करून दिलं. पोरीने ओळींवरून बोट फिरवत तीच गोष्ट झोकात संपवली.

प्राचार्य म्हणाले, आत्मविश्वास बघा किती आलाय.

"सर, हिला पाठ झालंय," बाई म्हणाल्या.

साहेब समजुतीच्या सुरात सांगू लागले, अहवाल वर जायचाय, ताणू नका. बाई त्या शिकाऊ मुलीकडे वळल्या. तिचे गुण प्राचार्यांच्या हातात, त्यामुळे ती भिंतीला चिकटून उभी होती.

"अगं, तू शिकवलंस ना? तूच सांग, हिला वाचता येतं?"

मुलगी भिंतीपासून पुढे झाली. "नाही येत, बाई."

मग बाईंनी कागदावर लिहिलं, अकरा मुलांना वाचता येत नाही, आणि सही ठोकली. बाकीच्या शाळांत सगळी पोरं वाचायला लागली. अहवालात तसंच छापलंय. ही शाळा त्यातून गाळली. पण लेखी नोंद झाल्यावर तास बंद करायची कुणाची छाती झाली नाही.

प्राचार्यांनी त्या शिकाऊ मुलीचे गुण कापले. सोमवारी शाळा सुटताना ती आपणहून आली. बाईंनी तिच्यापुढे अकरांतली तीन मुलं बसवली आणि त्या फळ्याकडे वळल्या.