चष्मेवाल्याची सतरा मिनिटं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे, आणि त्या दुकानाचा मालक खोटं बोलणारा माणूस बसल्या जागी ओळखतो. यात जादू काही नाही. अठ्ठावीस वर्षं तो लोकांचे नंबर काढतोय, आणि नंबर काढायला बसलेल्या माणसाइतकं मनापासून खोटं दुसरं कुणी बोलत नाही. खालची ओळ दिसत नसली तरी तो ती वाचतो. मागच्या खेपेला पाठ केलेली असते, ती घडाघडा म्हणून टाकतो आणि परीक्षेत पास झाल्यासारखा इकडे तिकडे बघतो. अशांसाठी चष्मेवाल्याकडे एक युक्ती आहे. तो काच काढतो, तीच काच पुन्हा घालतो आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारतो, "आता? आधीपेक्षा बरं?"

"वा! आता एकदम स्वच्छ!"

चष्मेवाला मान डोलावतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू करतो.

वय पन्नाशीला टेकलेलं, लग्नाच्या भानगडीत पडला नाही, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत थोरल्या बहिणीबरोबर राहतो. बहीण म्हणजे ताई. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. गल्लीतल्या निम्म्या माणसांचे कान त्यांच्या हातून गेलेले आहेत, त्यामुळे सगळ्या गल्लीच्याच त्या ताई.

तीन वर्षांपूर्वी चष्मेवाला आजारी पडला. आधी सहा दिवस तो झोपलाच नाही. दुकानातल्या सगळ्या फ्रेमा त्याने रंगाप्रमाणे लावल्या, मग वजनाप्रमाणे, आणि मग, त्याच्याच शब्दांत, "स्वभावाप्रमाणे". रस्त्याने जाणाऱ्यांना आत ओढून, ज्यांचे डोळे ठणठणीत होते त्यांनाही चष्मे दिले. आणि सातव्या दिवशी तो आडवा झाला तो झालाच. पलंग, पडदा, भिंत. मग दवाखाना, गोळ्या, आणि पुन्हा पलंग. आजाराचं नाव बायपोलर. तो ते लपवत नाही. "मला प्लसही आहे आणि मायनसही," असं गिऱ्हाइकाला सांगून मोकळा होतो.

गोळ्या लागू पडल्या, दुकान उघडलं. पण तोवर सगळं जग मऊ होऊन बसलं होतं. लोक त्याच्याशी झोपलेल्या बाळाच्या खोलीत बोलावं तसं बोलू लागले. शेजारचा शिंपी पूर्वी त्याला "ए आंधळ्यांच्या राजा" अशी हाक मारायचा, तो "कसं वाटतंय?" असं विचारू लागला. आणि ताई! ज्या ताईंनी ओल्या टॉवेलवरून, उघड्या नळावरून, चहाच्या कपाच्या डागावरून या माणसाची जन्मभर हजेरी घेतली, त्या आता "राहू दे, मी करते" म्हणू लागल्या.

"आजारपणात वाटायचं, आपण संपलो," तो मला एकदा म्हणाला. "पण ताई 'राहू दे' म्हणते ना, तेव्हा खात्रीच पटते."

त्यातून त्याचा गाण्यांचा अल्बम निघाला.

तरुणपणी तो गिटार वाजवायचा. ती माळ्यावरून काढली. समोरचा दाताचा डॉक्टर कॉलेजात ड्रम बडवायचा, त्याला धरलं. संगीताचा प्रकार ठरला पंक. पंक म्हणजे ज्यात गायकाला गाता येण्याची अट नसते, फक्त राग खरा लागतो. दुकानामागच्या खोलीत, जिथे काचा घासायचं मशीन आहे, तिथे रविवारी दुपारी रेकॉर्डिंग व्हायचं. दाताच्या डॉक्टरच्या जिन्यात बसलेले पेशंट समोरून येणाऱ्या किंकाळ्या ऐकून घरी निघून जायचे आणि त्यांचे दात आपोआप बरे व्हायचे.

नऊ गाणी, सगळी मिळून सतरा मिनिटं. एका गाण्यात गोळ्यांच्या डबीतला कागद, म्हणजे 'तोंडाला कोरड पडणे, हात थरथरणे' वगैरे, शर्यत लागल्यासारखा वाचलेला. एका गाण्यात चाळीस सेकंद नुसतं काचा घासायचं मशीन. 'सगळे हळू बोला' हे गाणं तर त्याने ज्या आवाजात म्हटलंय, त्याने कपाटातल्या फ्रेमा हलल्याचं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. आणि आठवं गाणं 'राहू दे'. त्यात हे दोनच शब्द चौतीस वेळा आहेत. मी मोजले नाहीत. ताईंनी मोजले. ते पुढे येईलच.

अल्बम इंटरनेटवर टाकला. पहिल्या आठवड्यात अकरा जणांनी ऐकला, पुढे आकडा हललाच नाही. दोघांनी अभिप्राय लिहिला. एकाने विचारलं, "मधला आवाज मोटरचा आहे की माणसाचा?" दुसऱ्याने लिहिलं, "भयंकर. शेवटपर्यंत ऐकलं." चष्मेवाला हे दुसरं वाक्य दोन दिवस गिऱ्हाइकांना वाचून दाखवत होता. त्याचं म्हणणं, गेल्या तीन वर्षांत माझ्याशी खरं बोललेला हा पहिला माणूस, आणि तो कोण, कुठला, हे मला माहीत नाही!

मग त्याने ओळखीच्यांची तपासणी सुरू केली. नंबर काढायच्या खुर्चीत बसवायचं, चष्म्याऐवजी कानांवर हेडफोन चढवायचे, समोर अक्षरांचा तक्ता पेटवून ठेवायचा. का ते विचारू नका, त्याला सवय आहे. शिंपी पहिला बसला. तिसरं गाणं ऐकून त्याने हात जोडले. "भावना पोचल्या."

"थांब, हे सुधारलेलं ऐक," असं म्हणून चष्मेवाल्याने तेच गाणं तसंच्या तसं पुन्हा लावलं.

"हां! आत्ता जमलं!" शिंपी म्हणाला. "पहिल्यात काहीतरी कमी होतं."

मनाच्या डॉक्टरांनी नऊही गाणी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "झोप लागते ना?" मी स्वतः "प्रामाणिक आहे" असं म्हणालो. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला खालची ओळ दिसत नाही हे मीच कबूल केलं असतं.

"तुम्ही सगळे मला घाबरता," तो म्हणाला. "वाईट बोललं तर हा परत पलंगावर जाईल, असं वाटतं तुम्हाला. अरे, मला वाईट म्हणण्याइतका तरी बरा समजा!"

उरल्या ताई. त्या रेकॉर्डिंगच्या वेळी मुद्दाम बाहेर जायच्या. अल्बम आल्यापासून "ऐकते, ऐकते" म्हणत महिना काढला होता. आणि एवढा चिवट माणूस, पण ताईंना खुर्चीत बसवायचं तोही आज-उद्यावर ढकलत होता. "ताईसुद्धा छान म्हणाली," तो म्हणाला, "तर मग मी खरंच आजारी आहे. गिटार परत माळ्यावर."

तो दिवस मंगळवारचा, सकाळी अकराची वेळ. माझ्या चष्म्याचा स्क्रू पडला होता म्हणून मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत तपासणीच्या खोलीत ते दोघे. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे ऐकण्याचा दोष माझ्याकडे येत नाही.

सतरा मिनिटं काही आवाज नाही. मग त्याने विचारलं, "कसं आहे?"

"छान आहे हो," ताई म्हणाल्या. आवाज दुधात भिजवलेला.

"सगळं?"

"सगळंच छान."

मग त्याचा आवाज आला, पडलेला, पण धंद्याची सवय सुटेना. "आठवं गाणं परत केलंय आम्ही. हे ऐक. आधीचं बरं की हे, सांग."

मिनिट गेलं असेल. हेडफोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला.

"तेच आहे हे!"

"काय?"

"तेच्या तेच गाणं लावलंस! मला फसवतोस? छत्तीस वर्षं पेपर तपासलेत मी. कुणी कुणाचं उतरवलंय ते शाई बघून सांगायचे. चौतीस वेळा 'राहू दे' आहे त्यात. तिसाव्याला तुझा दम संपतो आणि तो दातवाला एक ठोका मागे राहतो. आत्ताही राहिला! सुधारलेलं म्हणे!"

मी बाकावर सरळ होऊन बसलो. हा आवाज तीन वर्षांत ऐकला नव्हता. माझा डावा कान आपोआप गरम झाला.

"बरं, अजून?" चष्मेवाला अगदी हळू म्हणाला. दार उघडं राहिलंय हे कैद्याने कुणाला सांगू नये, तसा.

"अजून? तिसरं गाणं. 'चार महिने भिंत'. कुठले चार महिने? तीन महिने अकरा दिवस. मला विचारायचं होतंस, मी कॅलेंडरवर लिहिलेत. आणि पुढे काय म्हणतोस? 'घरात कुणाचा आवाज नाही'. आवाज नाही? मी काय करत होते मग? रोज सकाळी तुझ्या दाराबाहेर स्टुलावर बसून अख्खा पेपर मोठ्याने कोण वाचत होतं? बातम्या, क्रिकेट, हवामान! घसा बसला माझा. शेजारचा शिंपी मला विचारायला आला, ताई, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

मग तो म्हणाला, "ऐकू यायचं मला."

"काय?"

"सगळं ऐकू यायचं. उत्तर देता येत नव्हतं. तू राशिभविष्य का गाळायचीस?"

"तुझ्या राशीला रोज काहीतरी 'जपून राहा' असायचं. कशाला वाचायचं ते?"

"मी रोज त्याचीच वाट बघायचो, ताई."

"मग तसं गाण्यात म्हण ना, मेल्या!" त्या ओरडल्या, आणि त्या ओरडण्याला मध्येच चीर पडली. नाक शिंकरल्याचा आवाज आला. "खोटं कशाला लिहितोस? कुणाचा आवाज नाही म्हणे. लोक ऐकतायत ते जगभर!"

"अकरा जण."

"अकरा तर अकरा. अकरा जणांपुढे माझी लाज काढलीस तू!"

यानंतर दोघेही एकदम बोलू लागले. तो म्हणत होता की पंकमध्ये चुका दुरुस्त करत नाहीत. ताई म्हणत होत्या की माझ्या घरात करतात. मी स्क्रूचं नाव न काढता एका डोळ्याने रस्ता बघत घरी गेलो.

रविवारी दुपारी मागच्या खोलीत तिसऱ्या गाण्याचं पुन्हा रेकॉर्डिंग झालं. ताई काचा घासायच्या मशीनशेजारी त्यांचं स्टूल टाकून बसल्या होत्या. मांडीवर वही, वहीत नऊ गाण्यांचे मिळून एकवीस दोष, प्रत्येकाला क्रमांक. चष्मेवाला सकाळपासून शिव्या खाऊन इतका टवटवीत झाला होता की त्याला बघून दाताच्या डॉक्टरलाच काळजी वाटली, आणि त्याने "गोळी घेतलीस ना?" असं विचारून घेतलं. घेतली होती.

अडचण वेगळीच आली. 'चार महिने भिंत' कसं दणादण बसायचं. 'तीन महिने अकरा दिवस' काही केल्या बसेना. चष्मेवाल्याने पाच वेळा ओरडून पाहिलं, पाचही वेळा 'दिवस' बाहेर लोंबकळत राहिला.

शेवटी दाताच्या डॉक्टरने काड्या खाली ठेवल्या. "ताई, हे तालात बसत नाही. तीन महिनेच म्हणू या का? अकरा दिवसांनी काय फरक पडतो?"

ताईंनी वहीतून डोकं वर केलं.

"ते अकरा दिवस तुम्ही नव्हता तिथे," त्या म्हणाल्या. "ताल बदला."

त्यांनी ताल बदलला.